फळ्यावरचा दिनविशेष

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दिनविशेषाचा फळा आहे. आज सकाळी त्यावर एका सम्राटाचा जन्म, एका शास्त्रज्ञाचा मृत्यू आणि कुठल्याशा दूरदेशीचा तह लिहिला होता. वाचून माझं डोकंच फिरलं.

गेल्या वर्षी याच तारखेला आमच्या शिपाई ताराबाई स्वच्छतागृहाची भिंत अंगावर पडून गेल्या. भिंतीला तडा गेलाय, हे त्या कितीतरी दिवस सांगत होत्या. रोज सकाळी हा फळा पुसून ठेवायच्या त्याही ताराबाईच.

मी खडू घेतला आणि तहाच्या खाली लिहिलं, ‘ताराबाईंचा मृत्यू, शाळेची भिंत पडून.’

मुख्याध्यापक आले. “मॅडम, दिनविशेषात मोठी माणसं असतात. पुसा ते.”

“मी नाही पुसणार, सर.”

शेकडो वर्षांपूर्वीचा सम्राट आम्हाला तोंडपाठ असतो, कारण त्याच्या मरणाचा जाब आम्हाला कुणी विचारत नाही. गेल्या वर्षीचं मरण मात्र अजून आमच्या अंगावर येतं.

सरांनी सवयीने शिपायासाठी मागे वळून पाहिलं. ती जागा वर्षभर रिकामीच आहे. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी स्वतःच ती ओळ पुसली. सम्राटाला धक्का लागू दिला नाही.