वळकट्या उन्हात घाला

नाना गेल्याची बातमी मला कालव्याच्या भरावावर मिळाली. अंथुर्णे गाव तेव्हा प्लेगमुळं ओस पडलं होतं, लोक रानात झोपड्या घालून राहत होते आणि माझी झोपडी भरावाला लागूनच होती. लासुर्ण्याहून आलेला गडी पलीकडच्या काठावर थांबला आणि पाणी मध्ये ठेवूनच ओरडला, "मास्तर, नाना मास्तर गेलं हो! सकाळच्यालाच उरकलं समदं. तुमी येऊ नगा!" मी होतो तिथंच खाली बसलो. त्याला आता सात आठवडे झाले. नानाच्या मोठेपणाबद्दल चार शब्द लिहा, असं स्नेहीमंडळी म्हणतात. लिहितो. पण माझा हलकेपणा सांगितल्याशिवाय ते चार शब्द पुरे व्हायचे नाहीत, तेव्हा वाचकांनी तेवढं सोसावं.

नारायण, म्हणजे आमचा नाना, मूळचा कळंबचा, शेतकऱ्याच्या घरचा. पुण्याला मास्तरकीचं शिक्षण घेताना आम्ही दोन वर्षं एका खोलीत काढली. पुढं तो लासुर्ण्याच्या शाळेवर गेला, मी अंथुर्ण्याच्या, म्हणजे उठून चालू लागलं की जेवणवेळेला एकमेकांच्या दारात. माणूस भारी काटेकोर. पाणी दुहेरी फडक्यानं गाळणार, लोट्याला तोंड लावून पिणाऱ्याकडे असा बघणार की त्याला ठसकाच लागावा. मी त्याला खूप छळायचो. "नाना, तू चुकून कुणब्याच्या घरी जन्मलास," म्हणायचो. तो म्हणायचा, "हस लेका. पोट मातूर दर खेपेला तुजंच बिघडतं." आणि ते खरंही असायचं.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्राथमिक शिक्षकांची परिषद बारामतीला भरवायची, हे त्यानं तीन वर्षं मनात धरलं होतं. यंदा माघात ते जुळून आलं आणि नेमका त्याच सुमारास चार-दोन गावांत प्लेग दिसला. परिषद पुढं ढकला, असं काही जण म्हणाले. चिटणीस नाना. तो आठवडाभर नीट जेवला नाही. शेवटी त्यानं एक अट घातली आणि प्रत्येक शाळेला स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं: ज्या गावात उंदीर पडला असेल तिथल्या मास्तरांनी कृपा करून येऊ नये, न येणाऱ्याला कोणी नावं ठेवणार नाही. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं वळतात, अंथरुणात दडून बसतात, हे आम्हीच पोरांना शिकवत होतो. आणि परिषदेला येणारा प्रत्येक जण आपली वळकटी काखोटीला मारून येणार होता.

माझ्या शाळेत निघायच्या आदल्या दिवशी दोन उंदीर मेलेले सापडले. मी शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचो. ते माझ्या अंथरुणापासून हातभर अंतरावर होते. चिमट्यानं उचलून लांब फेकले आणि मनाशी म्हणालो, मांजरानं मारले असतील. मांजरानं मारलेल्या उंदरावर दातांच्या खुणा असतात आणि या दोघांवर एकही नव्हती, हे काय मला दिसलं नव्हतं? पण दुसऱ्या दिवशी मी निबंध वाचणार होतो. उसाच्या सरी मोजत अंकगणित कसं शिकवावं, हा माझा विषय. वीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच कोणीतरी बोलायला उभं करणार होतं...

धर्मशाळेच्या दारात नाना टेबल टाकून बसला होता. येईल त्याला एकच विचारणा: "गाव कंचं? उंदीर?" माझी पाळी आली. मी म्हणालो, "काय नाना, उंदरांची शिरगणती काढलीस काय?" तो हसला. "तरी सांग की." मी म्हणालो, "छे!" एवढंच. माझी वळकटी कोपऱ्यातल्या खोलीत दोनशे वळकट्यांच्या ढिगात जाऊन पडली.

दुपारी अध्यक्षांचं भाषण रंगलं होतं. मी पाणी प्यायला उठलो तर त्या खोलीत इंदापूरकडचे एक म्हातारे मास्तर, सगळे त्यांना आबा म्हणत, जरा आडवे झालेले दिसले. उशाला माझी वळकटी. त्यांचा एक हात वळकटीच्या पट्ट्याखाली गेला होता आणि ते मान खाजवत होते. पिसू होती की घाम, देव जाणे. मी तसाच नानाकडं गेलो.

"नाना, मी खोटं बोललो."

त्याला पुढं सांगावं लागलं नाही. "किती?" त्यानं विचारलं.

"दोन. काल."

"वळकटी कुठाय?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि उठला. आबांना म्हणाला, "आबा, जरा मान उचला. ही वल्ली झालीया." मी वळकटी घ्यायला पुढं झालो तर हातानंच मला लांब सारलं. "तू हितंच भिताडाला ऱ्हा. कुणाला लागू नगंस." दोनशे माणसांना अंथरुणापासून जपायला सांगणाऱ्या त्या काटेकोर माणसानं ती वळकटी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि गावाबाहेरच्या माळावर नेऊन एकट्यानं उलगडली. काठीनं उलगडता आली असती. मला परत पाठवून मलाच न्यायला लावता आली असती. ते त्याला सुचलं नाही, की माझी लाज राखायची म्हणून त्यानं ते सुचू दिलं नाही? याचा मला आजही राग येतो. नाना, तू चुकलास, हे मी इथं छापून सांगतो.

परत येऊन तो व्यासपीठावर चढला. "मंडळी, परिषद हितंच थांबवतो. एका गावची खबर उशिरा कळली. वळकट्या उन्हात घाला, मगच घरची वाट धरा. आणि धा दिवस पोरांना जवळ बसवू नका." एकच गिल्ला झाला. कंचं गाव, नाव सांगा! आधी चौकशी का केली नाही? चिटणिसाला डोळे होते की भोकं? माणसं हमरीतुमरीवर आली. नाना हात जोडून म्हणाला, "गावाचं नाव इचारू नका. चूक माजी हाय." मी भिंतीला टेकून उभा होतो. एक हाक मारायची होती, "गाव अंथुर्णे, चूक माझी." ती मी मारली नाही.

चौथ्या दिवशी नानाला ताप भरला, सहाव्या दिवशी जांघेत गाठ आली. बाकी कोणाला काही झालं नाही. आबा ठणठणीत आहेत.

दहा दिवस रानात काढून मी लासुर्ण्याला वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "शुद्ध जायच्या आधी एकदाच बोललं, अंथुर्ण्याचा मास्तर बरा हाय का म्हनून." मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून आत गेल्या. मी तिन्हीसांजेपर्यंत ओट्यावर बसलो. त्या बाहेर आल्या नाहीत.

माझी शाळा बंद, म्हणून वरून हुकूम आला आणि मी नानाच्या जागी लासुर्ण्याच्या शाळेवर रुजू झालो. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला लागलो तर पहिल्याच पोरानं उत्तर दिलं, "हजर. उंदीर न्हाय." दुसरा तसंच म्हणाला, तिसराही. माघापासून नानानं त्यांना हे वळण लावलं होतं, ते माझ्यासाठी कोण कशाला बदलेल! नावं पुढं सरकत होती. माळ्याच्या एका पोरीचं नाव आलं. ती म्हणाली, "हजर," आणि खाली बघत राहिली.

"पुढं?" मी विचारलं.

"आय म्हनली, सांगू नगं. झोपडीत ऱ्हायला जावं लागंल."

वर्गात सगळे तिच्याकडं बघत होते. ती ओठ चावत उभी होती. खरं सांग, असं तिला म्हणायला मला तोंड कुठं होतं? मग तीच मान वर करून म्हणाली, "एक पडलाय, गुरुजी. जात्यापाशी."

मी पोरांना एकेक करून घरी सोडलं, तिला चार हात पुढं चालायला सांगितलं आणि तिच्या आईला समजवायला निघालो.