अठरा पायांचा किडा

नामांतराच्या आंदोलनाची ती शेवटची वर्षं. पॉलिटेक्निक संपवून मी चिकलठाण्यातल्या एका छोट्या शेडमध्ये कामाला लागलो होतो. मालक पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. सोल्डरिंगला एक ताई होत्या. त्यांचा हात एवढा साफ, की माझी चूकसुद्धा सर्किटच्या कार्डावर देखणी दिसायची.

आम्ही विहिरीवरच्या मोटारीसाठी एक यंत्र करत होतो. गेलेली वीज परत आली, की थोडं थांबून मोटार आपोआप चालू करायची, एवढंच त्याचं काम. पण ते बसवायचं होतं स्टार्टरच्या पेटीत, आणि तिथं जागा उरली होती साबणाच्या वडीएवढी. चाचांनी चाळीस पायांची चिप आणून ठेवलेली, करंगळीएवढी लांब. ती बसवली तर मोटारीची वीज जोडणारा रिले बाहेर लोंबायचा. मी हिशेब केला. मला पाचच पाय लागत होते.

मुंबईहून मी दोन नमुने मागवले. एक अठरा पायांची, सॉकेटमध्ये खोचायची. दुसरीलाही पाय तेवढेच, पण ती चिंचोक्याएवढी आणि थेट कार्डाला चिकटणारी. मला चिंचोकाच हवा होता. कारण तांत्रिक नव्हतं. दोस्तांपुढं मिरवायचं होतं.

ताईंनी तो चिंचोका एका बाद कार्डावर लावला आणि कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

"भाऊ, आता काढून दाखवा."

मी तासभर झटलो. चिप निघाली, पण सोबत कार्डावरचं तांबंही सोलून आलं. मग ताईंनी विचारलं, की हे शेतात जळालं तर करमाड गावचा मेकॅनिक काय करील? मी चिंचोका बाजूला सारला आणि सॉकेटवाली घेतली.

चाचांना तीही पसंत नव्हती. यंत्राची डबी उघडल्यावर गिऱ्हाइकाला आत किडा दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मी हसण्यावारी नेलं. पण करमाडचा दुकानदार आला, त्यानं डबी तळहातावर दोनदा झेलली आणि म्हणाला, "लई हलकं हाय. रिकामं तर नाय ना?" त्याच्यासमोर मोटार चालू करून दाखवली, तरी गडी डबी तिथंच ठेवून गेला.

मला राग यायला हवा होता, पण आठवला माझा बाप. आमच्या घरी मेंढरं. बाजारात बाप कोकरू आधी उचलून बघायचा, दात मागनं.

पुढच्या आठवड्यात नामांतरासाठी शहर बंद होतं. बस नव्हत्या, चाचा शहरातच अडकले. ताईंचं घर जवळ. त्या सकाळी चालत आल्या, दुपारी मोर्चाला जाणार होत्या. मी एका डबीच्या तळाला लोखंडी नट ठेवला आणि कुठं शॉर्ट होऊ नये म्हणून फक्त त्याच्यावर घट्ट होणारं रेझिन ओतलं. ताईंनी बघितलं. भंगाराच्या खोक्यातून त्याच्या दुप्पट नट शोधून काढला आणि म्हणाल्या, "घालायचाच तर दमदार घाला."

दुपारपर्यंत सगळ्या डब्या दमदार झाल्या.

दुकानदारानं सगळा माल उचलला. या टायमाला माल सुधारला, असं चाचांना सांगूनही गेला. तो गेल्यावर चाचांनी एक डबी उघडली, नटाकडं बराच वेळ बघितलं.

"ये क्या करता?"

"काही नाही," मी म्हणालो.

"कुछ नै करता, तो बिगडेगा बी नै," म्हणत त्यांनी झाकण लावलं.

विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा ताईंनी शेडमध्ये पेढे आणले. नेमका त्याच दिवशी करमाडचा मेकॅनिक जळालेली चिप बदलून न्यायला आला. नवी चिप त्यानं स्वतःच सॉकेटमध्ये बसवली. ताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. पेढा खाता खाता त्यानं सांगितलं, की एका डबीतला नट सुटून पडला होता, म्हणून त्यानं आणखी मोठा बसवलाय. त्यानं पावर वाढली असंल, असंही म्हणाला. ताई पाठ फिरवून पेढ्यांचा डबा नीट करायला लागल्या.

मला राहवलं नाही. खरं काय ते सांगून टाकलं. त्यानं उरलेला पेढा तोंडात टाकला.

"व्हय? मग गिऱ्हाइकाला सांगू नका," तो म्हणाला. "जड हाय म्हणून विजेला दमानं झेलतं, असं मीच समद्यांना सांगितलंय."