रणात पडलेली सोसायटी

आमचे ठसेवाले काका कुणावर रागावत नसत, सरळ ठार मारत. तेही रणांगणात, सन्मानानं. छापखान्यासाठी ठसे करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर एका प्रकाशकानं महाकाव्याच्या नव्या आवृत्तीची चित्रं त्यांच्याकडे सोपवली. काका ती लाकडी ठोकळ्यांवर कोरत आणि चेहरे आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतूनच उचलत.

सावंतांनी त्यांच्या जागेवर स्कूटर लावली, ते रथाखाली गेले. सेक्रेटरींनी पाण्याची वेळ बदलली, ते हत्तीच्या पायाखाली. मी फक्त म्हणालो, "काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या." आठवड्यात गळ्यात बाण घुसलेला मी त्यांनी मला कौतुकानं दाखवला, बाहेर आलेल्या जिभेसकट!

"काका, निदान जीभ तरी खोडा ना!"

"लाकडाला खोडरबर चालत नाही रे. आणि घाबरतोस काय? ठसा उलटाच कोरायचा असतो, छापल्यावर सगळं उलटं होतं."

शेवटचं चित्र राज्याभिषेकाचं निघालं आणि घोटाळा लक्षात आला. दरबार भरायचा होता, पण जिवंत कुणी उरलंच नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना मारून बसलात, आता अक्षता कोण टाकणार?"

सेक्रेटरी स्वतः गळ घालायला आले. "काका, मी बसतो ना मागे कुठेतरी. कोणाला कळणारे?"

"हत्तीखाली गेलेला माणूस दरबारात? वाचक जोड्यानं मारतील मला."

"मग बाहेरचे चेहरे घ्या," मी सुचवलं. "टेंभी नाक्यावर उभे राहा, हवे तेवढे मिळतील."

"ज्याच्याशी कधी भांडलोच नाही, त्याचं नाक माझ्या ध्यानात कसं राहणार?"

इकडे डॉक्टरांनी डोळ्यांचा भरवसा दिला नव्हता. "एवढा एक ठोकळा होऊ दे, मग गेले तरी चालतील," असं म्हणत काका कोऱ्या लाकडासमोर नुसते बसून राहत. ते बघून मला फार वाईट वाटे.

सोसायटीच्या सत्यनारायणाला ते सगळ्यांत मागे बसले होते. ऐन कथेत त्यांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. "सापडलं! अरे, चेहरे मेलेत. पाठी शाबूत आहेत!"

दरबार पाठमोरा भरला. सेक्रेटरींचं टक्कल, सावंतांची वाकडी मान, माझे पडलेले खांदे, सगळे हजर. शेवटच्या रांगेतला एकच माणूस मान वळवून आमच्याकडे बघत होता. ते खुद्द काका होते, चष्म्यासकट.

"त्या काळात चष्मा कुठला, काका?"

"मग त्याशिवाय मला दरबार दिसणार कसा?"

पुस्तक छापून आलं. त्यात आम्ही सगळे मेलेले आणि काका तेवढे जिवंत. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झोपेतच गेले. रथाखालचे सावंत, हत्तीखालचे सेक्रेटरी आणि गळ्यात बाण घुसलेला मी, आम्हीच त्यांना खांदा दिला.