पाकिटातली पांढरी भुकटी

पाकीट कापलं आणि पांढरी भुकटी थेट माझ्या मनगटावर सांडली. समोरची टायपिस्ट खुर्चीसकट मागे सरकली. बघता बघता सगळं सेक्शन रिकामं झालं.

दिल्लीत संसदेवर हल्ला झाला, त्यानंतरचे ते दिवस. फौजा सरहद्दीवर गेलेल्या. अमेरिकेत पत्रांतून विषारी भुकटी येऊन माणसं मेली, हे टीव्हीवर ऐकून होतो. मी हैदराबादेत एका मंत्र्यांच्या ऑफिसात इनवर्डला होतो. इनवर्ड म्हणजे आलेलं टपाल उघडायचं, शिक्का मारून नंबर घालायचा. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या शिक्क्याशिवाय मंत्रीसाहेबांपुढे कागद जात नसे. तेव्हा पत्रं दोनच तऱ्हेची. मुलाला कामावर घ्या, नाहीतर मुलाला फौजेतून सोडवा.

सेक्शन ऑफिसर रेड्डीसाहेब दाराबाहेरून ओरडले, "काका, हात कू लगा क्या?"

"लगा."

"हिलू नक्को! पोलीस कू फोन करतूं मैं."

आणि बाहेरून कडी घातली.

मनगट खाजायला लागलं. खरंच खाजत होतं की भीतीनं, देव जाणे. ह्याच हातानं मी घरी नातीला भरवत असे. तहान लागली. माठ कोपऱ्यातच होता, पण उठायची छाती झाली नाही.

रेड्डीसाहेब खिडकीच्या काचेशी आले. "लेटर में क्या है? धमकी है क्या?"

पत्र मराठीत. शहरातल्याच तारनाका भागातल्या एका बाईंचं. थोरला मुलगा फौजेत गेला तो परत आलाच नाही. आता धाकट्याची सुट्टी रद्द करून त्याला बोलावलंय, त्याला तरी सूट द्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, सोबत विभूती आहे, साहेबांनी कपाळाला लावून मग काय ते ठरवावं.

"साहेब, विभूती है! देव की!"

"मारनेवाले बी वैसाच लिखते, काका. इत्ता भरोसा है तो माथे कू लगाके दिखाओ!"

मी चिमूट उचलली. जन्मभर देवळात लावत आलो ती वस्तू. पण हात अर्ध्यावरच थांबला. मी तो खाली ठेवला.

"जलादेव लेटर!" साहेब म्हणाले.

मी शिक्का उचलला आणि पत्रावर मारला. नंबर घातला.

"इनवर्ड हो गया, साहेब. अब नई जलता."

"मरींगे क्या तुम?"

"मरा तो मरा. कागद फाइल कू लगेगा."

पोलीस तोंडाला फडकी बांधून आले. पत्र, भुकटी, माझा शर्ट, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून नेलं. तपासणी होईपर्यंत मी घरात वेगळ्या ताटात जेवलो. नातीला जवळ येऊ दिलं नाही. ती दारात उभी राहून रडायची. शेवटी रिपोर्ट आला. साधी राख.

पोलिसांनी पत्र परत दिलं, ते आम्ही दिल्लीला पाठवलं. मग एक दिवस त्या बाई ऑफिसात आल्या.

"दादा, पत्र पोचलं का?"

"पोचलं. पुढं पाठवलंय."

"आणि विभूती? साहेबांनी लावली?"

"तीही पुढंच गेली, बाई."

सूट मिळाली नाही. ते मंत्र्यांच्या हातात नव्हतंच. फौजा माघारी आल्या तेव्हा मुलगाही आला, धडधाकट.

तर विभूती पाठवायची असेल तर पुडी बांधा, आणि पाकिटावरच मोठ्या अक्षरात तसं लिहा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याचा जीव टिकला पाहिजे.