राजेंचं पाणी

दातांच्या दवाखान्यात ताई काउंटरवर बसायच्या. पेशंटना नंबर द्यायचा, फोन घ्यायचा आणि रडणाऱ्या पोरांना गप्प करायचं, हे त्यांचं काम. पोरांच्या बाबतीत त्यांना राजेंची मोठी मदत व्हायची. राजे म्हणजे काउंटरवरच्या टाकीतला निळा बेट्टा मासा. झालरीसारखे पर पसरून तो अशा काही ऐटीत वळायचा, की पोरं आ वासून बघत राहायची. डॉक्टरबाईंना तेवढंच तर हवं असायचं.

टाकीचं पाणी बदलायचं काम सफाईवाल्या मामांकडे होतं. त्यात ताईंनी कधी लक्ष घातलं नाही. मामा काम सोडून गावी गेले आणि पाठोपाठ डॉक्टरबाईंनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. त्यांचे हात थरथरायला लागले होते, आणि थरथरत्या हातांनी कुणाच्या तोंडात शिरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "खुर्च्या विकल्या जातील. या राजेंचं काय करायचं?"

"मी नेते," ताई इतक्या पटकन म्हणाल्या, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

टाकी उचलायला जड. म्हणून राजे एका बरणीत बसून, ताईंच्या मांडीवरून बसने घरी आले.

ताई भाऊ-भावजयीबरोबर राहायच्या. त्यांनी नवा काचेचा बाऊल आणला, घासूनपुसून लख्ख केला आणि पिण्याच्या फिल्टरचं पाणी त्यात भरलं.

"फिल्टरचं पाणी माशाला?" वहिनी म्हणाली. "आपण भाज्यासुद्धा नळाखाली धुतो!"

"आपल्याला चांगलं ते त्याला वाईट कसं असेल?"

सकाळी राजे तळाशी पडून होते. पर मिटलेले, रंग विटलेला. पाणी शिळं झालं असेल, या समजुतीने ताईंनी बाऊल रिकामा करून नळाचं ताजं पाणी भरलं. राजे आणखीच कासावीस झाले. तिरके होत वर यायचे, पुन्हा खाली बसायचे.

दादाने चहा पिता पिता डोकावून पाहिलं. "दुसरा आण. असतात बाजारात."

ताईंनी पर्स उचलली आणि शोभेच्या माशांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. "फिल्टरच्या पाण्यातले क्षारसुद्धा निघून गेलेले असतात, ते माशाला सोसत नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्याने याचे कल्ले भाजतात. नळाचंच पाणी घ्या, पण आधी हे थेंब टाका. आणि पाणी कोमट हवं, याला थंडी बाधते. जुनी टाकी आहे का अजून?"

"दवाखान्यात आहे."

"मग तळातल्या खड्यांसकट आणि जुन्या पाण्यासकट घेऊन या. खडे धुऊ नका. त्यांच्यावर चांगले जंतू वाढलेले असतात, तेच पाण्यातली घाण पचवतात."

थेंबांची बाटली घेऊन ताई दवाखान्याकडे अक्षरशः पळत सुटल्या. दार उघडंच होतं. रिकाम्या खोलीत डॉक्टरबाई पेशंटच्या खुर्चीवर एकट्याच बसल्या होत्या. हातात मग, आणि टाकी अर्धी उपसलेली.

"थांबा, थांबा! ते पाणी ओतू नका!"

"अगं, घाण आहे ती!"

"तीच हवी आहे मला."

डॉक्टरबाई बघतच राहिल्या आणि मग खळखळून हसल्या. "इतकी वर्षं होतीस, कधी एक दिवसाची जास्तीची सुट्टी मागितली नाहीस. आणि आता मागून मागून काय मागितलंस, तर गढूळ पाणी!"

उरलेलं पाणी त्यांनी कॅनमध्ये भरलं. टाकी दोघींनी दोन बाजूंनी धरून टॅक्सीत चढवली. ताई एकट्याच निघतील असं वाटत होतं, पण डॉक्टरबाईही शेजारी येऊन बसल्या. इतक्या वर्षांत ताईंचं घर त्यांनी पाहिलंच नव्हतं.

न्हाणीघरात ताईंनी बादलीभर नळाचं पाणी काढलं, त्यात थोडं गरम पाणी मिसळलं. डॉक्टरबाईंनी बोटं बुडवून पाहिली. "अजून जरासं. हां, आता बरोबर." ताईंनी बाटली पुढे केली, तशी त्या मागे सरल्या. "थेंब तू टाक. माझ्या हातात अख्खी बाटली रिकामी व्हायची."

ताईंनी थेंब टाकले. टाकीत जुनं आणि नवं पाणी एक केलं. राजेंना बाऊलमधून पुन्हा बरणीत घेतलं, ती बरणी टाकीत तरंगत ठेवली आणि दोघी वाटी-वाटीने टाकीतलं पाणी बरणीत घालत बसल्या. मधे बराच वेळ जाऊ द्यायचा, असं दुकानदाराने बजावलं होतं. त्या वेळात वहिनीने दोनदा चहा केला. शेवटी बरणी कलती केल्यावर राजे सावकाश बाहेर आले आणि एका कोपऱ्यात थांबले.

पुढचे काही दिवस ताईंनी जीव मुठीत धरून काढले. पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, थोडंच काढून तेवढंच तयार पाणी घालायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. एकदा त्यांनी तयार करून ठेवलेल्या पाण्याने दादा खुशाल आंघोळ करून आला.

"अरे, ते राजेंचं होतं!"

"म्हणूनच म्हटलं, आज पाणी कसं छान कोमट होतं," दादा म्हणाला. दुपारी मात्र झाकणाची नवी बादली घेऊन आला.

हळूहळू राजे खायला लागले. निळा रंग परत चढला. पाणी बदलायच्या दिवशी डॉक्टरबाई न चुकता यायच्या. बोटं बुडवून कोमटपणा सांगायच्या आणि मग जेवूनच जायच्या. दवाखान्यात दोघींचं बोलणं म्हणजे 'पुढचा कोण' एवढंच. इथे वेळच वेळ होता.

एका सकाळी वहिनीची हाक आली. "ताई, टाकी साबणाने घासलीत की काय? फेस आलाय बघा!"

ताई धावल्या. पाण्याच्या कडेला बारीक बुडबुड्यांचा पुंजका जमला होता आणि राजे त्यात आणखी एक बुडबुडा नेऊन चिकटवत होते. दुकानदाराला फोन लावला, तर तो हसायलाच लागला.

"साबण कसला? घरटं बांधतोय तो. रमला म्हणायचा!"

ताईंनी फोन ठेवला आणि लगेच डॉक्टरबाईंचा नंबर फिरवला.