एकवीस दिवस, नव्वद दिवस

माझ्या बायकोला, अलकाला, माझं सगळं माहीत आहे असं तिला वाटतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात तसं वाटणं चूकही नाही. पण हे तिला माहीत नाही. मुलीलाही नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण मलाही नीट सांगता येणार नाही. सांगतोय, एवढं खरं.

आधी एक स्पष्ट करतो. मी खोटं बोलत नाही. हा मोठेपणा नाही, सवय आहे. ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीच्या दोन जुड्यांऐवजी बिलात एकच लावली गेली, तर मी पार्किंगमधून परत जाऊन सांगतो. अलका वैतागते, गाडीत बसून राहते. तर या प्रकरणातही मी एकसुद्धा वाक्य खोटं बोललेलो नाही. एकूण तीन वाक्यं बोललो. तिन्ही खरी होती.

मी सोलापूरला नऊ वर्षं वकिली केली. कॅनडात वकिली करायची तर पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात. मी दोन दिल्या. मग मुलगी झाली, स्कारबरोत घर घेतलं, आणि राहिलेल्या तीन राहिल्याच. मार्कहॅमला एक ऑफिस आहे, तिथे अमेरिकेतल्या वकिलांच्या तारखा सांभाळतात. माझी नोकरी तीच. दिवाणी दाव्यात कुठला कागद कितव्या दिवशी कोर्टात गेला पाहिजे ते मोजायचं आणि तिकडच्या वकिलाला वेळेवर कळवायचं.

त्यासाठी अमेरिकन कोर्टांचे दिवाणी प्रक्रियेचे नियम शिकावे लागले. दोन वर्षं शनिवारी सकाळी लायब्ररीत पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. आणि लपवू कशाला, मला ते नियम फार आवडले. सोलापूरला पुढची तारीख म्हणजे कोर्ट देईल ती. इथे प्रत्येक गोष्टीला आकडा. कागद हातात पडला तो दिवस धरायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, शनिवार-रविवारसकट. शेवटचा दिवस सुटीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरायचा. किती स्वच्छ! माणूस कसाही असो, आकडा बदलत नाही.

माणूस कसाही असो — हे मी तेव्हा फार कौतुकाने म्हणायचो.

आता सुधाकर. आम्ही एकाच वर्षी इथे आलो, दोघांची पहिली थंडी एकाच बेसमेंटमध्ये गेली. तो इंजिनियर, लगेच मार्गाला लागला. बोलका, हसरा, चारचौघांत उठून दिसणारा. माझ्या नोकरीचं स्वरूप कळल्यावर त्याने मला नाव ठेवलं — पंचांग. “काय पंचांग, आज एकादशी की चतुर्थी?” पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी दारातून आत आलो की हे ठरलेलं. लोक हसायचे. मीही हसायचो. हसणाऱ्या माणसाला आत काय होतं ते कुणी विचारत नाही, नाही का?

पण नाव ठेवण्यावरून कुणी एवढं करत नाही. मीही केलं नसतं.

आप्पा, माझे वडील, एकदाच इथे आले. शाळामास्तर होते. मुलगा कॅनडात वकील आहे, हे त्यांनी आमच्या पेठेत एकूणएकाला सांगितलेलं. मीच त्यांना तसं सांगितलं होतं — म्हणजे पाहा, मी खोटं बोलत नाही हे वर लिहिलं, तिथे मला माघार घ्यावी लागते. एक खोटं बोललो होतो, आप्पांशी, आणि ते बारा वर्षं चालवलं. सुधाकरकडे जेवायला गेलो होतो. वीस-बावीस माणसं. आप्पा कुणाला तरी अभिमानाने सांगत होते की आमच्या चिरंजीवांची इथल्या कोर्टात वकिली आहे. सुधाकर ताट घेऊन तिथेच उभा होता. तो म्हणाला, “अहो आप्पा, वकील कुठला? हा वकिलांच्या तारखा मोजतो. पंचांग आहे आमचं!”

हशा झाला. आप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

घरी येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, “तारखा तर तारखा. तू सांगायचंस.” पुढच्या आठवड्यात त्यांनी तिकीट बदलून घेतलं आणि ठरल्यापेक्षा दीड महिना आधी परत गेले. त्यानंतर तीन वर्षं जगले. दर रविवारी फोन व्हायचा. बर्फ किती पडला, नातीचा अभ्यास कसा चाललाय, सगळं विचारायचे. माझ्या कामाबद्दल एकदाही नाही. गेले तोवर नाही.

सुधाकरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने थट्टा केली आणि तो विसरला. खोटं माझं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण स्वतःवर राग धरून माणूस किती दिवस काढणार? मी तो सुधाकरवर धरला. आणि धरून ठेवला.

आमच्या इथे रविवारची मराठी शाळा भरते. सुधाकरने तिथल्या मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं. इथली मुलं उत्तर इंग्रजीत देतात, त्यांना भारतातली पुस्तकं परकी वाटतात. म्हणून याचे धडे इथलेच — ‘बर्फ पडला. बाबा शोव्हल करतात. आई म्हणते, टोपी घाल.’ असे चौसष्ट धडे. नऊ वर्षं तो ते लिहीत होता, मुलांवर करून बघत होता, फाडत होता, पुन्हा लिहीत होता. मूलबाळ नाही त्यांना. त्याची बायको मीनल म्हणायची, हेच आमचं कार्टं. न्यू जर्सीच्या शैलाताई म्हणून एक बाई, त्यांनी चित्रं काढली आणि त्यातले अकरा धडे लिहिले. अकरा, हे मला पक्कं माहीत आहे. शाळेचा सेक्रेटरी मी, सगळी हस्तलिखितं माझ्याकडूनच जायची. मग दोघांचं बिनसलं. शैलाताईंनी तिकडच्या फेडरल कोर्टात दावा लावला की पुस्तक सगळं माझं, सुधाकरचं त्यात काही नाही.

ऑगस्टमध्ये पोस्टाने सुधाकरकडे एक कागद आला. तो घेऊन तो माझ्याकडे आला. मीनल म्हणत होती वकील गाठ. तो म्हणाला, तारखांचं काम असल्यावर पंचांगाकडेच यायचं ना? कागद बाईंच्या वकिलाचा होता. दावा दाखल झालाय; कोर्टामार्फत बजावणी करायला लावू नका, सोबतच्या फॉर्मवर सही करून परत पाठवा. सही केली की अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला उत्तर द्यायला नव्वद दिवस मिळतात. सही केल्याने दावा कबूल होत नाही, कसलाही हक्क जात नाही. हे मला पाठ होतं. सुधाकर मात्र तापलेला. त्या बाईच्या कागदावर मी सही करू? का म्हणून?

मी पहिलं वाक्य बोललो. सही करायची सक्ती नाही, म्हणालो.

खरंच नाही सक्ती.

ऑक्टोबर संपताना एक माणूस त्याच्या दारात येऊन समन्स हातात देऊन गेला. रीतसर बजावणी. आता उत्तराची मुदत एकवीस दिवस, आणि तसं समन्सवर छापलेलंही होतं. सुधाकर दोन्ही कागद घेऊन आला. चार दिवसांनी तो पुण्याला निघणार होता, पुतणीचं लग्न, पाच आठवडे. आमच्या किचन टेबलावर त्याने कागद शेजारी-शेजारी ठेवले. “इथे एकवीस लिहिलंय, त्यावर नव्वद. खरं कुठलं? मी आल्यावर वकील केला तर चालेल ना?”

अलका पलीकडे पोळ्या करत होती. मला आठवतं, मी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती. मला उत्तर येत होतं. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस, त्यात आधीचे चार. एकोणचाळीस. हे मी त्याचा प्रश्न संपायच्या आतच मोजलं होतं. आणि मला आप्पांचा तो घास दिसला.

“अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला नव्वद दिवस मिळतात,” मी म्हणालो.

नियमात आहे. अक्षर न अक्षर आहे. फक्त त्याच्या आधी एक अट आहे, सही केली असेल तर. ती मी बोललो नाही. सुधाकरने माझ्या पाठीवर थाप मारली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि बॅगा भरायला गेला.

कोर्टातली नोंद कुणालाही ऑनलाइन बघता येते. ऑफिसच्या खात्यातून मी ती बघितली नाही, स्वतःच्या नावाने वेगळं खातं उघडलं. असा मी प्रामाणिक! एकविसावा दिवस गुरुवारी आला. सुटी नव्हती, पुढे ढकलायचं काही कारण नव्हतं. बाविसाव्या दिवशी सकाळी मी चहात दोन चमचे साखर घातली. डॉक्टरांनी बंद केल्याला सहा वर्षं झाली होती. तो चहा किती चांगला लागला हे लिहिताना मला लाज वाटायला हवी. वाटते का? तेव्हा तरी वाटली नाही. तिकडे लग्नात तो नाचत असेल, फेटा बांधून, चारचौघांत उठून दिसत असेल. नाच म्हटलं.

आठवड्याभरात बाईंच्या वकिलाने अर्ज दिला आणि कोर्टाच्या क्लार्कने नोंद केली — प्रतिवादीने मुदतीत उत्तर दिलेलं नाही.

सुधाकर परतला तेव्हा ते पत्र घरी येऊन पडलं होतं. तो आणि मीनल दोघं आले. तो भांडायला आला असता तर माझी तयारी होती, उत्तर घोटून ठेवलेलं होतं. पण तो भांडला नाही. विमानात त्याने तो ऑगस्टचा कागद पहिल्यांदा सावकाश वाचला होता. म्हणाला, नव्वद दिवस सहीवाल्याला असतात, मी तुला घाईत धड सांगितलं नाही, सही न केल्याचं तू विसरला असशील. दोष त्याने स्वतःच वाटून घेतला. ती वाटणी करण्याचीसुद्धा तसदी मला पडू दिली नाही. मीनल माझ्याकडे बघत होती. “भाऊजी, आता संपलं का सगळं?”

संपलं नव्हतं. अजिबात नव्हतं. चांगलं कारण दाखवलं तर कोर्ट अशी नोंद रद्द करतं, लवकर मागितलं तर बहुतेक वेळा करतंच. आणि कारण तर तिच्यासमोर सोफ्यावर बसलं होतं. तारखांचंच काम करणाऱ्या माणसाने चुकीचं सांगितलं, असं मी एका कागदावर लिहून दिलं असतं तर पुरलं असतं.

“कोर्टाने नोंद घेतली आहे,” मी म्हणालो.

हे तिसरं. मीनल पुन्हा म्हणाली, वकिलाला तरी विचारू. सुधाकर म्हणाला, आता आणखी कुणासमोर हसं करून घ्यायचं नाही, आणि यानं बघितलंय ना. फेब्रुवारीत निकाल लागला. पुस्तक एकट्या शैलाताईंचं. सुधाकरने ते छापायचं नाही, वाटायचं नाही. सेक्रेटरी म्हणून शाळेतल्या प्रती मीच गोळा केल्या. सत्तावन्न. सुधाकर शेजारी उभा राहून खोक्यात नीट रचून देत होता, कोपरे दुमडू नयेत म्हणून.

इथे थांबलो असतो तर म्हणता आलं असतं, रागाच्या भरात झालं. पण नियमांत आणखी एक आकडा आहे. चुकीमुळे लागलेला निकाल बदलून मागता येतो — निकालापासून एक वर्षाच्या आत. ते वर्ष मी मोजलं. सुधाकरच्या वतीने मोजणारं दुसरं कुणी नव्हतं. महिने गेले, तो पुस्तकाशिवाय शिकवत राहिला. स्वतःच लिहिलेले धडे वापरायचे नाहीत म्हणून दर रविवारी फळ्यावर नवी वाक्यं जुळवायचा, आणि मध्येच थांबून एखादं पुसायचा, कारण ते जुन्या धड्यातलं निघायचं.

वर्षाचा शेवटचा दिवस रविवारी आला. म्हणजे नियमाप्रमाणे सोमवार. एक जास्तीचा दिवस मला नियमानेच दिला होता. त्या रविवारी शाळेत पॉटलक होतं. सुधाकर माझ्या शेजारी येऊन बसला. नव्याने आलेल्या एका जोडप्याशी माझी ओळख करून देताना म्हणाला, कागदपत्रांचं काही अडलं तर यांना विचारा, आमच्या प्रकरणात यांची फार मदत झाली. थट्टा नव्हती. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती.

मी भात कालवला आणि जेवलो.

सोमवारी ऑफिसला गेलो. दुसऱ्यांच्या एकतीस तारखा मोजल्या, एकही चुकली नाही. संध्याकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला, जेवलो, अलकाशी हीटिंगच्या बिलाबद्दल बोललो. फोन खिशात होता. सुधाकरचं घर आमच्यापासून सात मिनिटांवर आहे. साडेनऊला दिवा घालवला.

सकाळी उठलो तेव्हा मंगळवार होता.