नाथाजीची ओवाळणी

मला सख्खा भाऊ नाही. कडेगावला आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून कोंडीबांचं घर होतं. त्यांचा नाथाजी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो पाटावर नीट बसायला लागला तेव्हापासून भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळत आले. लग्न होऊन मी साताऱ्याला आले, तो फौजेत गेला, तरी हे सुटलं नाही. त्याला रजा मिळाली नाही त्या वर्षी मी चंद्राला ओवाळलं आणि तो आल्यावर पुन्हा त्याला.

फौजेत तो गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होता. पेन्शन घेऊन आला आणि सांगलीत, मिरजेच्या रस्त्याला, त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं. काम मुख्यतः उसाच्या ट्रकांचं. त्या भागात नवा ट्रक आला की आधी नाथाजीकडे जातो, चाकांवर स्प्रिंगचे जादा पाटे घालून घेतो आणि वीतभर उंच होऊन बाहेर पडतो. दिवसभर तो गाड्यांच्या पोटाखाली. कुणालाही तोंडावर नकार देणं त्याला जमत नाही. त्याची बायको सुलाबाई म्हणते, "ह्यांच्या तोंडात 'न्हाई' देवानं घातलंच न्हाई. गिऱ्हाइकाला आज व्हय, उद्या व्हय, आन गाडी म्हैनाभर दारात."

आमचा मुकुंद इंजिनिअरिंगला सांगलीत गेला तेव्हा मी निर्धास्त होते. मुलगा वसतिगृहात राहिला तरी रविवारी नाथाजीकडे जेवत होता. एका जुन्या संस्थानी घराण्याच्या पागेत वर्षानुवर्षं पडून असलेली दोन माणसांची लाल इंग्रजी मोटार ह्यांनी त्याला घेऊन दिली. ती नाथाजीनं आणि मुकुंदनं मिळून चालती केली, तेव्हाही मी काही बोलले नाही. उलट पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू मीच लावलं.

मग पुण्याच्या मुलांनी घाटात मोटारींची शर्यत ठरवली. संक्रांत झाल्यावर व्हायची होती. मुकुंदनं जेवताना दोन ताटल्या एकावर एक ठेवून मला समजावलं, "आई, गाडी उंच असली की वळणावर कलते. खाली घेतली की रस्त्याला धरून राहते. पुढच्या स्प्रिंगच्या कमानी आखूड घालायच्या, मागच्या पाट्यांवर ठोकळे द्यायचे, आणि शॉकअब्सॉर्बर कडक."

"आणि रस्त्यात दगड आला तर?"

"त्यासाठी तर शर्यतीचा रस्ता बंद करतात. पण गाडी खाली घेतल्याशिवाय मी जाणारच नाही. तेवढं मला कळतं."

तेवढंच मी धरून बसले. गाडी खाली आली नाही तर मुकुंद शर्यतीला जाणार नाही. आणि ते काम तो दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, नाथाजीच्याच देणार.

त्या भाऊबीजेला नाथाजी नेहमीसारखा आला. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला.

"यंदा पैसे टाकू नकोस."

"मग काय टाकू? लुगडं सुलीनं आणलंय, ते आत हाय."

"शब्द टाक. मुकुंदची गाडी तू खाली घेणार नाहीस."

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे झोपाळ्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. नाथाजीनं उजवा तळहात ताटात, निरांजनाशेजारी ठेवला. "घेत न्हाई, आक्का," तो म्हणाला. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं होतं. मला त्या हाताचा विश्वास वाटला.

संक्रांतीला मुकुंद गाडी घेऊन घरी आला. मी आत गुळाच्या पोळ्या लाटत होते. आमच्या फाटकात गटारावर एक फरशी आहे, मधोमध जराशी फुगलेली. दोन वर्षं ती गाडी तिच्यावरून आवाज न करता येत होती. त्या दिवशी खरवडल्याचा आवाज आला, लांबलचक, लोखंडाचा.

पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. फरशीवर पांढरा ओरखडा होता. चाकाच्या वर जिथे पूर्वी माझी मूठ जायची तिथे चार बोटं शिरेनात.

"कुणी केलं?"

मुकुंद किल्ली फिरवत राहिला. ओट्यावरून हे म्हणाले, "अगं, त्याला आत तरी येऊ दे." त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. ते मला तेव्हा ऐकू आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी. नं मी सांगलीला गेले. ट्रकखालून नाथाजीचे नुसते पाय दिसत होते. हाक मारल्यावर तो बाहेर सरकला.

"आक्का? कळवायचं न्हाई व्हय यायच्या आदी? सुले, च्या टाक."

"ताटात हात ठेवला होतास, नाथाजी."

तो चिंधीनं हात पुसू लागला. "मुकुंद करवत घिऊन पुढच्या कमानी कापाय बसला हुता, आक्का. कापल्याली कमान जाग्याव ऱ्हात न्हाई. चाक खड्ड्यात लोंबलं की निसटती. मी म्हणलं, थांब रं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"म्हणूनच सांगायचं होतं."

तो कामाचं बोलू लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातला एक सेट कुणीतरी दाखवला होता, पण त्यातल्या कमानी दुसऱ्याच गाडीच्या निघाल्या. मग खास ह्याच गाडीसाठी केलेला विलायती सेट मागवला: कमानी, ठोकळे, शॉकअब्सॉर्बर, सगळं एकमेकांना जुळणारं. बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. मी कशाला आले आहे हे तो विसरलाच.

"जल्मभर गाड्या उचलल्या, आक्का. फौजेत तेच, हितं तेच. एक पाटा घाल, आनखी एक घाल. ही पयली गाडी खाली घेतली. तीन बोटं फकस्त. पर रस्त्याव कशी बसली, मांजरावानी."

चहा घेऊन आलेली सुलाबाई तेवढ्यात म्हणाली, "वन्सं, मी ह्यास्नी तवाच म्हणलं हुतं. दिवाळीआदी खोकं आलं तवाच. आक्कास्नी इचारा म्हणलं. तर म्हनं, दाजींनी धाडलंय, आता काय इचारायचं."

नाथाजीनं तिच्याकडे बघितलं. तिनं कप माझ्यापुढे सरकवला.

दिवाळीआधी. म्हणजे तो ताटात हात ठेवत होता तेव्हा खोकं ह्याच पत्र्याखाली पडलेलं होतं. ज्यांनी ते धाडलं ते समोर सुपारी कातरत होते. मुकुंद आत फराळ करत होता. त्या घरात हे ठाऊक नसलेली मी एकटीच होते, आणि ताट माझ्याच हातात होतं.

सुलाबाईचा अपमान नको म्हणून मी चहा प्याले. साताऱ्याला परत येईपर्यंत खिडकीबाहेर काय गेलं ते मला सांगता येणार नाही.

शर्यत झाली. मुकुंद चौथा आला, अंगावर ओरखडाही नाही. हे पेढे घेऊन आले. "आता तरी? आला ना सुखरूप?" मी देवापुढे पेढा ठेवला. तो सुखरूप आला ह्याचा आनंद मला कुणापेक्षा कमी झाला नव्हता. पण मी नाथाजीकडे मागितलं होतं ते ह्या पेढ्यात कुठे होतं, हे मी कुणाला विचारू?

परवा पुन्हा भाऊबीज झाली. तो येईल की नाही अशी मला शंका होती. तो आला. खांद्यावर पोतं होतं. त्यात मुकुंदच्या गाडीच्या जुन्या उंच कमानी, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या.

"सांग, आक्का. उद्याच बसवतो. मुकुंदाचं मी बघतो."

त्या घडीला तो मनापासून बोलत होता, हे मला दिसत होतं. आणि पुढच्या रविवारी मुकुंद त्याच्या गॅरेजात जाऊन बसला की त्यालाही हा मनापासूनच "व्हय" म्हणेल, हेही.

मी ओवाळलं. पुन्हा शब्द टाकायला त्याचा हात पुढे आला तेव्हा ताट मागे घेतलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं. तो रिकामा हात तसाच धरून पाटावर बसून राहिला.

"जेवायला बस," मी म्हटलं. त्यानं बासुंदी मागून घेतली, मी वाढली.

पोतं न्हाणीघरात बंबामागे आहे. यंदाची शर्यतही संक्रांतीनंतरच आहे. सगळे झोपल्यावर मी हे लिहिते आहे. मुकुंद सकाळी गाडी घेऊन सांगलीला निघेल. गाडीचं पोट घासतं म्हणून ह्यांनी फाटकातली फरशी सपाट करायला दोनदा गवंडी बोलावला. दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवला.